रुक्मिणीताईने फोडलेला नारळ

आमच्या युनियनचा झेंडा लाल होता, पण एक मे उजाडला की झेंड्याच्या आधी सत्यनारायण. हसू नका. तेव्हा मुंबईत कितीतरी कारखान्यांच्या गेटवर हेच चालायचं. आधी भटजी, मग शिऱ्याचा प्रसाद, मग 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा!' युनिटचा सेक्रेटरी जोडीने पूजेला बसायचा, झेंड्याच्या काठीपाशी नारळ तोच फोडायचा आणि बावटाही तोच चढवायचा. मी बौद्ध घरातली. पूजा आटपेपर्यंत मी रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीपाशी उभी राहायचे. माझ्या आईला या दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्यांची भारी चीड. म्हणायची, "जया, ह्यांना मालक बरोबर दिसतो, भटजी दिसत नाही." मला तिचं पटायचं. तरीही मी युनियनमध्ये होते, आणि त्याचं कारण एकच, रुक्मिणी घाडी.

ताई देवगडकडची. नवरा गिरणीत होता, छातीच्या रोगाने गेला. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर एक खोली आणि पोटी एक मुलगी एवढंच मागे राहिलं. मुलुंडच्या औषध कंपनीत ती पॅकिंगला लागली, तिथे आम्ही एकाच टेबलावर गोळ्यांची पाकिटं भरायचो. रविवारी युनियनच्या ऑफिसात कॉम्रेड जयवंत अभ्यासवर्ग घ्यायचे. बाप्ये पंख्याखाली डुलक्या काढायचे आणि ही पहिल्या सतरंजीवर. वरकड मूल्य म्हणजे काय ते कॉम्रेड घसा कोरडा करून सांगत होते, तर ही म्हणाली, "म्हणजे रांधायचं आम्ही आणि ढेकर मालकाचा. असंच ना?" कॉम्रेड खूश झाले. पुढे हीच बाई आपल्यालाही असेच प्रश्न विचारील, हे त्यांना तेव्हा कुठे ठाऊक होतं?

त्या वर्गाने तिचे देव काढून घेतले नाहीत. गणपतीला ती गावी जायची म्हणजे जायचीच. पण कुणी कपाळाला हात लावून "नशीब" म्हणालं की ती विचारायची, "कोणाच्या सहीचं नशीब?" कंपनी आम्हा बायकांना दर सहा महिन्यांनी ब्रेक द्यायची. म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवीन म्हणून घ्यायचं, की कायम करायला नको. वर्षानुवर्षं आम्ही याला नशीब म्हणत होतो. ताईने त्या नशिबाची मागणी करून टाकली: ब्रेक बंद, बायकांना कायम करा. त्र्याऐंशीच्या दिवाळीत युनियनने ती पुढे रेटली आणि चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीनंतर कंपनीने गेटला टाळं ठोकलं.

मार्च संपता संपता आमचा सेक्रेटरी अंबादास हिशेब घेऊन गावाला निघून गेला. पॅकिंगमध्ये बायकाच जास्त. आम्ही हात वर केले आणि ताई सेक्रेटरी झाली. बाप्यांनीही टाळ्या वाजवल्या. का वाजवणार नाहीत? मोर्चात बायका पुढे असल्या की पोलीस लाठी जरा जपून उचलतात.

मग एक मे आला. कंपनीने गेटवर नोटीस लावली होती: दोन तारखेपासून जो चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर सही करील त्याला आत घेऊ. सही म्हणजे बायकांच्या मागणीवर पाणी. कायम असलेल्या बाप्यांचं काही जाणार नव्हतं. साडेतीन महिने चुली थंड होत्या, त्यामुळे प्रत्येकाच्या मनात तो बॉण्ड घोळत होता. मी त्यांना दोष देत नाही. पण राग आला होता, तो मात्र आला होता.

अशात मशीनवरचा शिवदास गेटसमोरच्या आमच्या मंडपात उठून उभा राहिला. माणूस सरळ. हात जोडून म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. पूजेला मी नि राधा बसतो. नारळ मी फोडतो, झेंडाही मीच चढवतो. तुम्ही भाषण करा. आधीच वाट लागलीय, त्यात अपशकुन नको. पोरं बिथरली तर उद्या सगळी आत जातील."

विधवेचा हात, आणि वर बाईने नारळ फोडायचा! शांताबाईसारख्या आमच्यातल्या म्हाताऱ्याही माना डोलवायला लागल्या. ताईने कॉम्रेड जयवंतांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तत्त्व बरोबर आहे तुमचं. पण आत्ता एकजूट महत्त्वाची. हा वाद नंतर घेऊ."

"नंतर म्हणजे कधी, कॉम्रेड? क्रांती झाल्यावर?" ताई भडकली, आणि भडकली की तिची मालवणी बाहेर यायची. "नारळ सोलूचो बायलमाणसान, खवचो बायलमाणसान, वाटूचो बायलमाणसान, आणि फोडूक तेवढो बापयो? माझ्या घरात बापयो नाय, म्हणान मी काय सोलकढी करूचीच नाय? लाठी खाऊक सेक्रेटरी मी, आणि झेंड्याक हात लावूक अपशकुन?" मग दम घेऊन शांतपणे म्हणाली, "पूजा खुशाल करा. नारळ आणि बावटा माझा. नको असेल तर आत्ता हात वर करा आणि मला काढा."

हात कुणीच वर केला नाही. पण तिच्या बाजूनेही कुणी बोललं नाही.

मग पूजा झाली. शिवदास आणि त्याची बायको राधा जोडीने बसले. मी नेहमीप्रमाणे टपरीपाशी. गेटच्या आत मॅनेजर आणि वॉचमन मजा बघत उभे. ताईने पदर खोचला, नारळाची शेंडी धरली, काठीपाशी दगड होता तो सोडून थेट गेटपर्यंत गेली आणि लोखंडी पट्टीवर नारळ आपटला. एका दणक्यात दोन तुकडे झाले.

आतून काळपट पाणी सांडलं. नारळ नासका निघाला होता.

शिवदासचा चेहरा पांढराफटक पडला. शांताबाईने तोंडाला पदर लावला. मॅनेजर हसला, ते मी रस्त्यापलीकडून पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी तरातरा रस्ता ओलांडून ताईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पूजेचा पाट अजून मांडलेलाच होता. म्हटलं, असू दे.

ताईने करवंटी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि मागे वळून विचारलं, "नारळ कोणी आणला रे?"

"मी," शिवदास पुटपुटला.

"कोणाकडून?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"मग हा त्याच्या दुकानात नासला, माझ्या हातात नाही. जा, बदलून आण. आणि हलवून, पाणी वाजवून घे. कोकणातला ना तू? लाज नाही वाटत?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच. शिवदास जागचा हलेना. गेली ती राधा, पूजेचा शालू नेसलेली, तरातरा. परत आली तेव्हा तिने नारळ नवऱ्याकडे दिला नाही, सरळ ताईच्या हातात दिला. हा फुटला तो पांढराशुभ्र. बावटा वर गेला, आणि इतक्या मोठ्याने दिलेली माझी घोषणा मी पहिल्यांदाच ऐकली.

तरी खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. सकाळी गेट अर्धं उघडलं. आत टेबल मांडून मॅनेजर बॉण्ड घेऊन बसला. आम्ही मंडपात, जीव मुठीत धरून. दोघे-तिघे मान खाली घालून आत गेले. मग शिवदास येताना दिसला. त्याच्या मागे सात-आठ मशीनवाले होते, तो करील ते करणारे. तो गेटपाशी थांबला. त्याने खाली पाहिलं. कालच्या नासक्या नारळाचा डाग तिथे तसाच होता. मग तो वळला आणि मंडपात येऊन सतरंजीवर बसला. मागचे सगळे त्याच्यामागोमाग.

ताईने पिशवीतून डबा काढून त्याच्यापुढे धरला. "खोबऱ्याची वडी. विधवा बाईने फोडलेल्या नारळाची आहे. चालेल ना?"

शिवदासने वडी तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिला. डोळे भरले होते गड्याचे, पण बोलला ते भलतंच. "साखर कमी पडलीय, वहिनी."

"असू दे," ताई गेटकडे बघत म्हणाली. "ती मालकाकडून घेऊ."