शेजारच्यांच्या तब्येतीची चौकशी

परदेशात, कनाटा नावाच्या उपनगरात घर घेतल्यावरच्या पहिल्याच मे महिन्यात आमच्या लॉनवर अळंब्यांचं गोल रिंगण उगवलं. अर्धं आमच्या गवतात, अर्धं शेजारच्या आजोबांच्या. ते टेलिकॉममधून रिटायर झालेले, एकटेच राहायचे. त्यांनी एक अळंबी तोडून हुंगली, ही खायची असते असं ठामपणे सांगितलं आणि आमचा वाटा आमच्या हातात दिला.

सासूबाई तेव्हा सावंतवाडीहून आल्या होत्या. त्यांच्या मते अळंबी यायची ती पावसात. बर्फ वितळल्यावर आलेलीचा भरवसा नाही. पण फेकवेनाही. त्या मला म्हणाल्या, "आधी त्यांना खाऊ दे. धड राहिले तर आपण करू."

मग आमचा पहारा सुरू झाला. मी उगाच लॉनमोअर मागायला गेलो. बायको शिरा देऊन आली आणि त्यांचा चेहरा नेहमीसारखाच आहे म्हणाली. गंमत म्हणजे आजोबाही सारखे आमच्याकडे यायला लागले. झोप लागली का, पोट ठीक आहे ना, विचारायचे. सासूबाईंची तर खास चौकशी. परदेशात इतका प्रेमळ शेजार मिळाला म्हणून बायकोला भरून आलं.

फ्रिजमधल्या अळंब्या सुकायला लागल्या, तेव्हा सासूबाईंनीच आजोबांना गाठून आपल्या इंग्रजीत विचारलं, "यू ईट?"

आजोबा लाल झाले. त्यांनी एकही खाल्ली नव्हती. ओळख पटवली होती ती फोनवरच्या ॲपने. ते मला म्हणाले, "तुमच्या सासूबाई खेड्यातल्या, त्यांना कळत असेल. तुम्ही खाऊन ठीक राहिलात की मी करणार होतो."

सासूबाईंना हे मी मराठीत सांगितलं. त्या दिवशी आजोबांकडे शिरा गेला नाही.

शेवटी मश्रूम क्लबातल्या एक बाई येऊन पाहून गेल्या. अळंबी खायचीच निघाली. फक्त आमची जुनी झाली होती. पुढच्या पावसानंतर ताजी आली, ती त्या बाईंनी पुन्हा तपासली आणि सासूबाईंनी खोबरं घालून केली. आजोबा टाय लावून जेवायला आले. चौघांनी घास उचलला आणि चौघंही एकमेकांकडे बघत थांबलो.

सासूबाईंनी घास तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या.

मी भाषांतर करेपर्यंत आजोबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.