मामांचा शब्द

मामा कुणाचेच मामा नव्हते. एकुलत्या एका बहिणीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सख्खा भाचाही नव्हता. पण कॉम्प्युटर अडला की सगळ्या ऑफिसला ते आठवायचे, आणि अडल्यानडल्याला जो आठवतो त्याला काहीतरी नातं चिकटवावंच लागतं. मग 'मामा' चिकटलं.

तसे ते त्या कंपनीचे नोकरही नव्हते. ही कंपनी चष्म्याच्या काचा घासून दुकानांना पाठवायची. कॉम्प्युटरची देखभाल तिने बाहेरच्या एका सपोर्ट कंपनीला दिली होती, आणि त्या बाहेरच्यांनी मामांना इथे आणून बसवलं होतं. पगार तिकडून, चहा इकडून. कौतुकाच्या वेळी दोघंही म्हणत, "आमचा माणूस आहे." काही बिघडलं की दोघंही म्हणत, "त्यांचा आहे." जिन्याखालच्या खोलीत, जुन्या कीबोर्डांच्या ढिगाशेजारी मामा बसत. वर कुणी चाललं की डोक्यावर पावलं वाजायची.

मामांची कामाची एक पद्धत होती. ते कुणाला खुर्चीवरून उठवत नसत. स्टूल ओढून शेजारी बसत आणि आधी स्वतःचाच एखादा गाढवपणा सांगत. त्यातले निम्मे गाढवपणे त्यांनी केलेलेही नसत. पण समोरचा हसायचा, आणि हसला की खरं बोलायचा. "मामा, चहा सांडला." "मामा, पासवर्ड नवऱ्याला सांगितला होता, आता भांडण झालंय." सपोर्टच्या धंद्यात मशीन दुरुस्त करणारे पुष्कळ मिळतात, माणसाच्या तोंडून खरं काढणारा मिळत नाही.

खोट्या मेलबद्दल मामा अधूनमधून सगळ्यांना गोळा करून सांगत. म्हणत, "चोर आता कुलूप फोडत नाही. बेल वाजवतो, आणि दार आपणच उघडतो. उघडलंत तर लाजू नका, लगेच येऊन सांगा. सांगणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, माझा शब्द आहे." पहिल्या रांगेत बसलेले कंपनीचे साहेब मान डोलवायचे. मान डोलवायला काही लागत नाही.

मामांची धाकटी बहीण त्याच ऑफिसात होती, मालाच्या रवानगीला. मामांनीच, नातं न सांगता, शब्द टाकून चिकटवली होती. तिच्या नवऱ्याचं काम गेलं होतं आणि पाठीचं दुखणं त्याच्या पदरी आलं होतं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाले. ऑफिसात ती मामांना इतरांसारखं मामाच म्हणायची. दोघांचं नातं फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तेच बरं असं दोघांना वाटे.

एका दुपारी ती जिन्याखाली आली आणि दार लावून उभी राहिली.

"दादा, माझ्या हातून काहीतरी झालंय."

ऑफिसात ती दादा म्हणाली तेव्हाच मामांनी हातातला कीबोर्ड खाली ठेवला.

परत आलेल्या पार्सलांचा पाठपुरावा हे तिचं रोजचं काम. कुरियरच्या नावाने मेल आली होती: पार्सल परत आलंय, इथे लॉगिन करून पत्ता तपासा. तिने तपासला, पासवर्ड घातला. पान उघडलंच नाही. मग तिने पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचला. तो कुरियरचा नव्हताच. आळशी बाई असती तर ती मेल तशीच पडून राहिली असती. ही कामसू, म्हणून फसली.

"तू इथल्या इथे निस्तर ना," ती म्हणाली. "तुला येतं सगळं. कुणाला कळायला नको."

निस्तरणं अवघड नव्हतं. तिचा पासवर्ड बदलायचा, मशीन साफ करायचं, गप्प बसायचं. पण तिच्या किल्लीने आत शिरलेला चोर एव्हाना कुठल्या कुठल्या खोलीत गेला असेल, हे एकट्याने बघण्यासारखं नव्हतं. सगळ्यांचं काम थांबवावं लागणार होतं, आणि ते का थांबवायचं हे साहेबांना सांगावं लागणार होतं.

"वर चल माझ्याबरोबर. तू स्वतः सांग."

"नको रे दादा. माझी नोकरी जाईल."

"सांगणाऱ्याची जात नाही. मी शब्द दिलाय ना सगळ्यांना? मग तुला वेगळा देऊ का?"

ती भावाच्या शब्दावर जिना चढली.

तिने सांगितलं म्हणून कंपनी वाचली, यात तिळमात्र शंका नाही. चोर हिशेबनिसाच्या मेलपर्यंत पोचलाच होता. मामांनी सगळी मशीन नेटवरून सोडवली, सगळ्यांचे पासवर्ड बदलले, एकेक मशीन तपासून चोराला बाहेर काढलं. दिवसभर काचा रवाना झाल्या नाहीत, एवढंच नुकसान. साहेबांनी मामांचा हात हातात घेऊन दाबला. मामांना त्या रात्री छान झोप लागली, याचा त्यांना पुढे फार राग आला.

त्याच आठवड्यात साहेबांनी बहिणीला घरी बसवलं.

मामा केबिनमध्ये धावले. "साहेब, तिने सांगितलं म्हणून आपण वाचलो!"

"वाचलो, खरंय," साहेब शांतपणे म्हणाले. "पण उघडलं कोणी? वरच्यांना कुणीतरी दाखवावं लागतं, मामा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं नाव मी चांगलंच कळवलंय."

"माझी बहीण आहे ती."

"अरेरे," साहेब म्हणाले. "आधी सांगायचं ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण ज्याने काढली, त्याने अशी एखादी केबिन पाहिली असणार. मामांनी स्वतःच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या घरात आपण तोंड घालायचं नसतं. आणि आनंदाची बातमी आहे, तुमच्या कामावर खूश होऊन त्यांनी करार वाढवलाय."

इथे मामांनी राजीनामा तोंडावर फेकला असता तर गोष्ट ऐकायला बरी वाटली असती. त्यांनी फेकला नाही. आता बहिणीच्या घरातलं दाणापाणीही त्यांच्याच पगारातून जात होतं. दुसऱ्या दिवशी ते जिन्याखाली येऊन बसले आणि त्यांना स्वतःची किळस आली.

ऑफिस शहाणं झालं. मामा स्टूल ओढायला लागले की माणसं खुर्ची रिकामी करून उभी राहू लागली. काय झालं विचारलं की एकच उत्तर: "आपोआप झालं." मेल आपोआप उघडायची, फाइल आपोआप पुसली जायची, चहासुद्धा आपोआप सांडायचा. मामा स्वतःचे गाढवपणे सांगत राहिले, पण आता कुणी हसत नसे. सगळ्यांच्या दृष्टीने त्यांचा खरा गाढवपणा एकच होता, आणि तो कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढे बहिणीला एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम मिळालं. एका संध्याकाळी मामा तिच्याकडे गेले. ती ओट्याशी भाजी चिरत होती.

"काय म्हणतंय काम?"

"चाललंय. मागच्या आठवड्यात सगळे कॉम्प्युटर बंद पडले. पेशंटच्या फाइली उघडेनात. लांबून आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना परत पाठवलं. अजून सगळं मिळालेलं नाही."

"कशाने?"

"कुणीतरी मेल उघडली म्हणे. सपोर्टचा माणूस आला होता. चांगला होता बिचारा, तुझ्यासारखाच शेजारी स्टूल घेऊन बसायचा. एकेकाला विचारत होता. कुणीच काही सांगितलं नाही."

मामा स्टूल ओढून ओट्याशी बसले.

"तू होतीस का ती?"

सुरी थांबली. तिने वळून भावाकडे पाहिलं, नीट, नवख्या माणसाकडे बघावं तसं.

"हे कोण विचारतंय?" ती म्हणाली. "सपोर्टवाला की दादा?"

"दादा."

"मागच्या वेळीही मी दादालाच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि जेवून जा म्हणून तिने भावासाठी ताट काढलं.