हमीच्या हुंडीला इस्त्री

पतपेढीची हुंडी कोळशाच्या इस्त्रीनं वाळवू नये, अशी अट हुंडीवर कुठंही छापलेली नव्हती.

बाकी सगळ्या अटी होत्या! महाराजांच्या राज्यात सहकारी पतपेढ्या तेव्हा नव्यानं निघाल्या होत्या. माझं मंगळवार पेठेत शिंप्याचं दुकान. गडहिंग्लजच्या एका व्यापाऱ्याकडं शिवणाचं मशीन आलं होतं आणि रविवारच्या बाजारापर्यंत ते त्यानं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. त्याला उधारी नको, माझा शब्द नको. पेढीची हमी असलेली हुंडी हवी. मशीन हुकलं तर जन्मभर हातानंच टाके घालायचे, म्हणून मीही हट्टाला पेटलो होतो.

पेढीचे चिटणीस मला अटी वाचून दाखवू लागले.

"हुंडीचं शुल्क येगळं, शिक्क्याचं येगळं. पैसं त्या व्यापाऱ्यालाच मिळणार, दुसऱ्या कुणाला न्हाय. खाडाखोड, डाग, फाटका कागद चालणार न्हाय. हुंडी बाद झाली तर परत सगळं शुल्क, आनि जामीनदार सोता हजर पायजे!"

जामीनदार म्हणजे माझे मामा! (आणि सासरेही. त्यांचीच तानी मी केली होती.) तालमीत कान मोडून घेतलेला माणूस. जामिनाची सही करताना एवढंच म्हणाले होते, "पावणं, परत ह्या पायरीवर मला आणलासा, तर पायरीबी मोडंल आनि तुमीबी."

चिटणिसांनी हुंडी लिहून माझ्या हातात ठेवली, तेव्हा मामांचे तेच शब्द कानात होते. मी हुंडी न बघताच घडी करून फेट्यात खोवली आणि धावत घर गाठलं. दार लावून हुंडी उघडली, तर कोपऱ्यात लालभडक ठिपका. कुंकू!

"तानेऽ! हुंडीला कुंकू लावलंस?"

"मी? मी सकाळधरनं चुलीम्होरं हाय!"

कोण विश्वास ठेवणार? आमच्या घरात नवीन काहीही आलं की कुंकू लागायचं. माझ्या कात्रीला लागलं होतं, शेळीला लागलं होतं, छत्रीलासुद्धा!

"डाग चालत न्हाय, तानी! मामा मला उभा चिरतील!"

"अवं, एवढासा तर ठिपका हाय. ऱ्हाऊ द्या की!"

राहू देतो कसला! भीतीनं डोकं चालेनासं झालं. मी ओल्या फडक्यानं ठिपका पुसला. ठिपका गेला नाही, पसरला. आणखी पुसला, तेव्हा शाई सुटली आणि व्यापाऱ्याचं नाव वाहत जाऊन रकमेला भेटलं.

"उन्हात वाळवा," तानी म्हणाली.

"उन्हात? पेठेतल्या माणसांनी बघितलं म्हंजे?"

शेजारी इस्त्री तापलेलीच होती. म्हटलं, अलगद फिरवू. अलगदच फिरवली हो! पण धूर निघाला, आणि पेढीच्या शिक्क्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी शिक्का उठला.

मी मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो. तानी मागं उभी होती.

"मामा, हुंडीवर डाग पडला."

"कुनी पाडला?"

मी त्यांच्या मोडक्या कानांकडं बघितलं. "तानीनं. कुंकू लावलं तिनं."

तानीनं माझ्याकडं असं बघितलं की इस्त्री बरी! मामा उठले. फेटा बांधून पेढीकडं चालू लागले, मागोमाग मी आणि तानी. शिव्या दिल्या असत्या तर मला जरा धीर आला असता.

चिटणिसांनी घडी उघडली. "ही हुंडी हाय का करपल्याली भाकरी?"

त्यांनी सगळं शुल्क पुन्हा माझ्याकडनं घेतलं. मामांनी दात-ओठ खात सही केली. नवी हुंडी लिहून झाली, शिक्का बसला. मग चिटणिसांनी खिडकीतला करंडा उघडला, बोट बुडवलं आणि हुंडीच्या कोपऱ्यात कुंकू टेकवलं.

"अवं, हे काय केलंसा!" मी किंचाळलो.

"कुंकू लावलं. पयल्या हुंडीपास्नं रीत हाय आमची."

"आनि डागाची अट?"

"पेढीनं लावल्यालं कुंकू डाग कसा हुईल ओ?"

 मामा सावकाश माझ्याकडं वळले.

"म्हंजे माझ्या पोरीनं कायच केलं न्हवतं?"

 मामांनी हात उचलला. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मनातल्या मनात अंबाबाईला नवस बोललो. बराच वेळ काहीच झालं नाही, म्हणून एक डोळा उघडला. मामांनी टेबलावरची हुंडी उचलून तानीच्या हातात दिली होती.

"ही हितनं फुडं पोरगीच सांभाळंल," ते म्हणाले. "आनि पावणं, तुमी फकस्त भाकरीचं गठुळं सांभाळा. तेबी जमतंय का बगा."

हुंडी कनवटीला लावून तानी गडहिंग्लजला गेली. मी गठुळं घेऊन तिच्या मागनं. मशीन आलं, दुकान चाललं, पोरंबाळं वाढली. त्या मशीनवर अजून मीच शिवतो.

कापडाला इस्त्री मात्र तानी करते. मला त्या इस्त्रीला हात लावायची परवानगी नाही, आणि ही अट पेढीची नसल्यामुळं शुल्क भरूनही सुटत नाही!