कुलपातले गुलाब

सकुबाईचा या जगात पूर्ण विश्वास होता तो फक्त स्वतःच्या उजव्या डोळ्यावर. डाव्यात मोतीबिंदू होता, म्हणून तोही भरवशाचा नव्हता. दूधवाल्यासमोरच ती दूध बोटावर घेऊन बघायची. देवळात चपला काढल्या की देवाला हात जोडण्याआधी दोनदा मागे वळून बघायची. आटगावहून तानशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तिच्या गावात लोक म्हणत, "सकुबाईला आंबा दिला तरी ती आधी विचारील, काढला कुणाच्या झाडाचा?" म्हातारी वाईट नव्हती हो. नवरा लवकर गेला, भावकीने बांध कोरून कोरून तिचं भाताचं एक खाचर निम्मं केलं, तेव्हापासून ती अशी झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, सकुबाई पाणीसुद्धा फुंकायची.

जीव मात्र तिने एका ठिकाणी लावला होता. हायवेवरच्या नर्सरीत तिने अठरा वर्षं खुरपं चालवलं होतं. तिथे मुंबईकर फार्महाऊसच्या वाटांना दुतर्फा लावायला लाल बुटका गुलाब न्यायचे. गुडघ्याच्या वर जात नाही, अंग पसरत नाही, पण झुबक्याझुबक्याने फुलतो. नर्सरी बंद झाली तेव्हा मालकाने बायांना हवं ते न्यायला सांगितलं. बाकीच्यांनी ताडपत्र्या आणि पाइप उचलले. सकुबाईने काळ्या पिशवीतलं एक गुलाबाचं रोप उचललं. घरी येईपर्यंत सगळ्याजणी तिला हसल्या.

त्या एकाचे सहा वर्षांत चोवीस झाले. पेन्सिलीएवढी जाड फांदी तिरकी कापायची, ओल्या मातीत खोचायची आणि मूळ धरेपर्यंत सावलीत ठेवायची. रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटकं घमेलं, जे मिळेल त्याला खाली भोक पाडून तिने गुलाब लावला. फूल सुकलं की पाच पात्यांच्या पानाच्या जरा वर कात्री चालवायची, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत तिथून नवा फुटवा येतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मालकाचा माळी करताना तिने चोरून बघितलं होतं. चोरलेली फांदी हमखास लागते असं आपल्याकडे म्हणतात. त्यामुळे तिच्या दारात फांदी मागणाऱ्यांपेक्षा तोडून नेणारेच जास्त, असं तिचं ठाम मत होतं. म्हणून रोज सकाळी चहाआधी ती कळ्या मोजायची.

मागच्या वैशाखात तिच्या मुलाचं, दीपेशचं लग्न झालं आणि मुरबाडकडून, टोकावड्याजवळच्या गावातून अक्षदा सून म्हणून आली. कमी बोलणारी, कामाला चटपटीत. घरात माणूस वाढलं तसं आंघोळीचं पाणी वाढलं, न्हाणीच्या चुलीत लाकूड वाढलं आणि राखेचे ढीग वाढले. आता सकुबाई भाताच्या घरची. पावसाआधी शेतात पालापाचोळा नि शेण जाळून राब भाजायचा आणि त्या राखेत भात पेरायचं, हेच तिने जन्मभर केलेलं. राख लागलेल्या मातीत रोप कसं तरारून येतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. एवढी राख फुकट जाते हे काही तिला बघवेना. पूर्वी वर्षातून एकदा डब्यांना राख मिळायची, ती आता दर चार दिवसांनी ओंजळ ओंजळ मिळू लागली.

पौषात गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळंफटक. कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन गळू लागल्या.

पहिला संशय शेजारच्या चिमीच्या शेळ्यांवर गेला. पण शेळी पान खाते, पिवळं करून ठेवत नाही. मग साबणाच्या पाण्यावर, मग नजरेवर. तिने डब्याडब्याला काळा दोरा बांधला. आणि एका सकाळी उजव्या डोळ्याला दिसलं ते असं: अक्षदा डब्यांपाशी उकिडवी बसली आहे, हातात जुना चमचा, बोटं मातीने भरलेली.

"काय करतंस गो?"

अक्षदा दचकून उठली. "काय नाय आई. गवत काढत होते."

गवत! सकुबाईच्या डब्यात गवत! अहो, तिच्या डब्यात गवताची काडी उगवायच्या आधी परवानगी मागायची. पोरगी खोटं बोलली होती, हे उघड होतं. सून घरात आली आणि वर्षाच्या आत झाडं पिवळी पडली, हेही उघड होतं. सकुबाईने दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि त्याच संध्याकाळी दीपेशला ऐकवलं, "तुझी बायको माझ्या झाडांच्या मुळावर आलीय."

दीपेश आसनगावच्या गोदामात उभं राहून राहून दमून आलेला. "आये, ती कशाला झाडं मारंल?"

"ते तिला इचार. आज झाडं, उद्या मी."

आत भाकऱ्या थापण्याचा आवाज थांबला. दीपेश हळू आवाजात म्हणाला, "पुन्हा तिचं नाव घेतलंस ना, तर आमी शहापूरला खोली घेऊन राहू. मग बस एकटी राखण करत." मुलगा असं कधी बोलला नव्हता. एकुलता एक पोर, तो गेला तर या घरात सकुबाईशी बोलायला भिंती उरणार होत्या. पण संशय गिळता येईना. मग तिने ठरवलं, आता तोंडाने बोलायचं नाही, पुराव्याने बोलायचं.

घराच्या मागे जुन्या गोठ्याचं परस होतं. तीन बाजूंनी भिंती, वरून चांगलं ऊन, आणि आत जायला एकच दार. त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या बारा डब्यांना तिने तिथे हलवलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. उरलेले बारा पुढच्या अंगणात आमिष म्हणून ठेवले. न्याय म्हणजे न्याय, म्हणून पुढे-मागे पाणी सारखं, राख सारखी. शिमग्यापर्यंत काय ते कळणार होतं. कुलपातले फुलतील, अंगणातले मरतील, आणि मग सगळ्या गावासमोर दीपेशला दाखवता येईल. मागच्या डब्यांचा तिला जास्त लळा, म्हणून तिथे कधी एकाच्या दोन ओंजळी पडायच्या, एवढंच.

शिमगा आला. अंगणातल्या गुलाबांना तांबूस कोवळे फुटवे आले, चार डब्यांवर लालभडक झुबके उमलले. कुलपातले बारा पिवळे पडले, त्यातले तीन पार वाळले.

सकुबाईची बुद्धी यावरही चालली. "दुसरी किल्ली करून घेतलीन!" ती दीपेशवर ओरडली. दीपेशने फोन काढला आणि शहापूरच्या खोलीवाल्याला रविवारी येतो म्हणून सांगितलं.

तरीही ती थांबली नाही. परसाच्या उंबऱ्याच्या आत तिने तांदळाचं पीठ पातळ पसरलं. चोर आला की पाऊल उठेल. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी पुढे टेम्पो लागला, आणि सकुबाई साक्षीदार म्हणून चिमीला हाताला धरून मागे घेऊन गेली.

पिठात पावलं होती. रुंद, फाटक्या टाचांची, अंगठा बाहेर वळलेली. चिमीने आधी पावलांकडे आणि मग सकुबाईच्या पायांकडे बघितलं.

"ही तर तुझीच गो."

"माझी असणारच. दुसरी बघ."

"दुसरी नायत." चिमी एका डब्यापाशी वाकली, मातीत बोट घातलं. बोट जाईना. वर राखेचा जाड, पांढरट थर वाळून कडक झाला होता. "आणि हे काय? तुझ्या पुढच्या डब्यांत तर काळी माती दिसते. तिथली राख कुठं जाते?"

अक्षदाच्या हातातला तो चमचा कशासाठी होता, ते सकुबाईला कळलं. कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

ती पुढे आली तेव्हा अक्षदा भांड्यांचं पोतं टेम्पोत ठेवत होती.

"तू राख काढत व्हतीस?"

"हो आई. माझ्या म्हायेरी न्हाणीपाशी मोगरा व्हता. राख पडून पडून असाच पिवळा झाला व्हता."

"मग मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं, तर एखादं झाड गेल्यावर तुमी म्हणाला असता, मी राख काढली म्हणून गेलं."

हे खरं होतं. सकुबाई अगदी हेच म्हणाली असती. चिमी ऐकत होती, दीपेश दोरी बांधता बांधता थांबला होता. सकुबाई मोठ्याने म्हणाली, "चुकले गो मी. झाडं मीच मारली आणि नाव तुझं घेतलं." जन्मात पहिल्यांदा ती असं काही बोलली असेल. लाज वाटली, भरपूर वाटली, पण दीपेशने दोरीची गाठ सोडली नाही.

मग ती लगबगीने गेली आणि अंगणातला सर्वांत भरलेला डबा उचलून घेऊन आली. सात फुलं होती त्याला, कळ्या वेगळ्या. "हा ने. खोलीच्या खिडकीत ठेव. ऊन तेवढं लागू दे, बाकी तुला कळतंच."

अक्षदाने हात पुढे केले. एका कळीला बोट लावलं, आणि हात मागे घेतले.

"नको आई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "उद्या हा सुकला, तर?"