शारजातली लांब मान आणि आमच्या पिंपळावरचा मुंजा

मुलाने व्हिसा पाठवला तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं, दुबई बघायला चाललोय. खरं तर मी भुतं बघायला चाललो होतो. तेरा वर्षांची माझी नात रेवा फोनवर म्हणाली होती, "आबा, माझा शो आहे. तुम्ही पाहिजेच." पाहिजेच, असं मला निवृत्तीनंतर कुणी म्हटलं नव्हतं. त्याच दिवशी बॅग काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: विमान शारजाचं घ्या. तिकीट स्वस्त पडतं, आणि आमच्यासारखं तुमचं माणूस अल कुसैसला राहत असेल तर तर टॅक्सीने दुबईतलं ते घर जवळ. हिवाळ्यात जा, स्वेटर न्या. रस्ता असा गुळगुळीत की पाठ केलेली कविता म्हणत जावं, कुठे अडखळायला होत नाही. मंदीचं दुसरं वर्ष होतं. अर्धवट इमारतींवर क्रेन नुसत्या उभ्या होत्या, शाळा सुटल्यावर वर्गात विसरलेल्या कंपासपेट्यांसारख्या.

पहिल्या संध्याकाळी रेवाने मला तिची जपानी कार्टून मालिका दाखवली. नूडल्सच्या दुकानावर भाड्याच्या खोलीत दोन बहिणी राहतात. दोघी भुतं. रोज दप्तर घेऊन साध्या शाळेत जातात. थोरली लाजली की तिची मान वीतभर लांबते. धाकटीला पायच नाहीत, त्यामुळे तिला बूट न घातल्याची शिक्षा होते. मी इतका हसलो की सूनबाई, मानसी, पाणी घेऊन आली.

"आमच्या आळीतल्या पिंपळावर मुंजा आहे," मी सांगितलं. "मुंज होताच गेलेल्या मुलाचं भूत. लहानपणी मी तिथून डोळे मिटून पळायचो."

"बट व्हाय?" रेवा म्हणाली. "तो लहान मुलगा आहे ना? त्याला शाळेत का नाही घेतलं?"

साठ वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

शो म्हणजे अशा पात्रांची सोंगं घेऊन मंचावर प्रवेश करायची स्पर्धा होती, आणि रेवा थोरली होणार होती. त्या तयारीसाठी दुसऱ्या दिवशी बसने इंटरनॅशनल सिटीला गेलो. ड्रॅगन मार्टमध्ये तीस दिरहमला निळा केसांचा टोप मिळाला. "म्हणजे चारशे रुपये," मी मोठ्याने म्हणालो. "आबा, डोन्ट कन्व्हर्ट," रेवाने दटावलं. तिने एसीचा लवचिक पाइप आणून त्यावर कातडीच्या रंगाचा मोजा चढवला. आत दोरी. दोरी ओढली की मान वर, सोडली की खाली. येताना कोपऱ्यावर दिरहमला कडक चहा प्यालो. तो चुकवू नका.

तिसऱ्या दिवशी सगळं बिनसलं. धाकटी बहीण होणारी तिची मैत्रीण अंजू घाईघाईने केरळला परतली. वडिलांची कंपनी बंद झाली होती. स्पर्धेत प्रवेश जोडीलाच. रेवाने पाइप पलंगाखाली सरकवला. "खलास," एवढंच म्हणाली आणि जेवली नाही.

"मी होतो जोडी," मी म्हणालो.

"आबा, तुम्ही गर्ल नाही."

"घरमालक होतो. भाडं मागायला येतो. धोतर, काळा कोट, टोपी, सगळं बॅगेत आहे."

"जपानमध्ये धोतर?"

"नवा भाग समज."

तिने वाकून पाइप बाहेर ओढला.

शुक्रवारी शारजातल्या हॉलकडे निघालो. लिफ्टशी मानसीने माझ्या खिशात पुडी कोंबली. "बाबा, मीठ-मोहरी आहे. हिची दृष्ट काढायची राहिली. तिथे कोपऱ्यात नेऊन काढा." मी ती साफ विसरलो, कारण हॉलमध्ये शिरताच एका मांजरकानाच्या मुलीने मला "सो कूल, अंकल" म्हटलं.

मंचावर आमची वेळ आली. मी दरडावून भाडं मागितलं. रेवा लाजली, दोरी ओढली, मान वर गेली. टाळ्या. आणि मान अर्ध्यावर मोडून तिच्या खांद्यावर लोळली. दोरी तुटली होती. पुढच्या रांगेतली मुलं खदाखदा हसली. रेवाचे डोळे भरले, ती मागे पडद्याकडे बघायला लागली. आता पळाली असती तर पुन्हा कधीच मंचावर आली नसती. शाळेत कवितेचं दुसरं कडवं विसरलेल्या मुलाचं तोंड कसं होतं, मला ठाऊक आहे. मी तो मुलगा होतो.

हात आपोआप खिशात गेला. मुठीत मीठ-मोहरी घेऊन मी तिच्यावरून ओवाळायला लागलो आणि आईच्या सुरात सुरू झालो: आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, भुताखेतांची... आणि थांबलो. भूत तर समोरच उभं होतं.

"भूत की नहीं," मी हॉलकडे वळून म्हणालो. "इस बेचारे भूत को इन्सानों की नज़र लगी है. आप सबकी."

सगळा हॉल हसत सुटला. रेवा फिस्सकन हसली, लोळलेली मान तिने दोन्ही हातांनी उचलून सरळ धरली आणि म्हणाली, "आबा, अजून एकदा काढा. त्या कोपऱ्यातल्यांची राहिली." मराठीत, माइकवर.

बक्षीस मिळालं नाही. पण खाली उतरलो तर काळा पायघोळ अबाया घातलेल्या एक बाई लेकाला पुढे करून म्हणाल्या, "हबीबी, हमारा बच्चा का भी करो." त्यांच्यामागे पंखवाली परी, एक रोबो, दोन चेटकिणी. मी रांगेने सगळ्यांची दृष्ट काढली. विस्तव नव्हता, म्हणून मोहरी परत कोटाच्याच खिशात. रेवा रांग सांभाळत होती: "यल्ला, नेक्स्ट."

पुण्याला परतून महिना झाला. लोक बुर्जाची उंची विचारतात. मी मानेची सांगतो. काल रेवाचा फोन आला. अंजूला फोटो पाठवले, ती पुढच्या वर्षी केरळला ये म्हणते, वगैरे. मग म्हणाली, "आबा, मुंज्याला विचारलं?"

विचारलं नाही. पण आता संध्याकाळी पिंपळाखाली थांबतो आणि चौथीच्या पुस्तकातली एक कविता वर बघून म्हणून दाखवतो. दुसऱ्या कडव्यासकट. पोराची शाळा फार बुडली आहे.