परक्या भिंतीतला खिळा

माझ्या साडूंइतका पक्का पाहुणा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. चार दिवस कुणीही पाहुणा राहील. हा गृहस्थ दोह्यात, अबू हमूरच्या एका व्हिलाच्या अर्ध्या भागात, पंचवीस-सव्वीस वर्षं पाहुणा म्हणून राहिला. “आज ना उद्या जायचंच आहे,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यापायी मिक्सर, इस्त्री, टीव्ही अशा सगळ्यांचे खोके थर्माकोलसकट जपलेले. खोक्यांना स्वतंत्र खोली होती. आम्ही मुक्कामाला गेलो की हॉलमध्ये झोपायचो. पडदे शिवले तेही नाशिकला घेऊन ठेवलेल्या फ्लॅटच्या मापाचे. दोह्यातल्या खिडक्यांना ते वीतभर आखूड पडायचे आणि सकाळचं ऊन थेट मेहुणीच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, डोळ्यांवर यायचं. आम्हा दोह्यातल्या सगळ्यांच्या तोंडी ‘चला’ला ‘यल्ला’, ‘संपलं’ला ‘खलास’ आणि आभाराला ‘शुक्रन’ केव्हाच बसलेत, पण साडूंनी एवढ्या वर्षांत एकही अरबी शब्द उच्चारला नाही. का, तर म्हणे, “सवय लागते हो. मग नाशकात भाजीवालीसमोर निघायचं तोंडातून.”

या सगळ्यावर कडी म्हणजे खिळा. परक्याच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, हा त्यांचा धर्म. घड्याळ फ्रिजवर उभं, आरसा खुर्चीत बसलेला, आणि कालनिर्णय उशीखाली. यात हाल झाले ते हंसांचे. माझ्या सासूबाईंनी ताईंच्या लग्नात स्वतःच्या हातानं मण्यांचे दोन हंस करून, काचेच्या चौकटीत बसवून दिले होते. सासूबाई गेल्या, आणि त्यांच्या हातचं ताईंकडे तेवढंच उरलं. ते जुन्या टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली असत. दिवाळीला ताई ते बाहेर काढायच्या, काच पुसायच्या, सोफ्यावर टेकवून ठेवायच्या. भाऊबीज झाली की हंस परत पलंगाखाली. एकदाच त्या म्हणाल्या, “मी गेल्यावर माझ्या फोटोसाठी तरी खिळा ठोकाल, की मलाही टेकवूनच ठेवाल?”

“तोवर आपण नाशकात असू,” साडू शांतपणे म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही जोडपी त्यांच्या लेकीकडे इंग्लंडला गेलो. तिचं गाव एवढंसं. ती ऑफिसला गेली की आम्हाला उद्योग नसे. गावात मध्ययुगातलं एक दगडी चर्च होतं. ते पाहायला जायची साडूंनीच टूम काढली, कारण ते उघडं होतं आणि फुकट होतं. दारात त्यांनी बूट काढले, आम्हालाही काढायला लावले. “जुनं देवस्थान आहे,” म्हणाले, आणि आत जाताच बर्फासारख्या फरशीवरून या सतरंजीवरून त्या सतरंजीवर उड्या मारू लागले. मी बायको-मेहुणीसह मागोमाग. एक म्हाताऱ्या बाई फुलं मांडत होत्या. त्यांनी आमचे मोजे पाहिले आणि काही न विचारता कोपऱ्यातला हीटर लावला.

साडूंचं लक्ष भिंतींवर. कुठे खिडकी बुजवून दार काढलेलं, कुठे दार बुजवून खिडकी. मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या, दिव्यांचे हूक, कधीकाळी कशासाठी तरी ठोकलेले आणि आता गंजलेले खिळे. “काय दशा केलीय भिंतीची! परमिशन कोणी दिली यांना?” ते माझ्या कानात म्हणाले. ताई मात्र बाकांपाशी उभ्या होत्या. गुडघे टेकायच्या छोट्या उशा प्रत्येक बाकाला आकड्यांवर टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर गावातल्या बायकांनी भरतकाम केलेलं होतं. एका उशीवर बदकं होती. ताईंनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, आणि बोट तिथेच राहिलं.

साडूंनी ते पाहिलं. मग उगाच घसा खाकरून त्या बाईंना विचारलं, “आपण इथल्याच का?”

“छे हो, मी बाहेरची,” बाई इंग्रजीत म्हणाल्या. “लग्न होऊन आले त्याला चाळीस वर्षं झाली. गाव अजून मला नवीनच समजतं.”

“मग हे आकडे?”

“ते मीच ठोकलेत,” बाई म्हणाल्या आणि फुलांकडे वळल्या.

साडूंनी निघताना एक आकडा बोटानं हलवून पाहिला. दोह्याला परतल्यावरच्या शुक्रवारी सकाळीच त्यांचा फोन आला. “तुमच्याकडे ड्रिल आहे का हो?” मी धावतच गेलो. त्यांनी भिंत चारदा मोजली, खाली पेपर अंथरला, आणि पहिल्या घरघरीला डोळे घट्ट मिटून घेतले. खिळा बसला. हंस किंचित तिरके लागले, पण सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. ताई आत गेल्या आणि बराच वेळ शिऱ्याचा रवाच भाजत राहिल्या.

आणि नेमकं हिवाळ्यात कंपनीनं त्यांना निरोप दिला. सगळं सामान आपापल्या खोक्यांत अलगद बसलं. ती अख्खी जन्माची तयारी दोन दिवसांत सार्थकी लागली. हंसांना तेवढा खोका नव्हता. ताई ते विमानात मांडीवर घेऊन गेल्या. निघताना मी खिळा उपटायला पक्कड पुढे केली, तर साडूंनी माझा हात धरला. “राहू दे. आपलाही एक असू दे इथे.”

घराची किल्ली माझ्याकडे होती; आठवड्याच्या आत घरमालकाचा माणूस आला. त्यानं खिळा काढला, भोक बुजवलं, रंगाचा हात मारला. हात फिरवला तरी आता जागा कळत नाही. मला फार वाईट वाटलं, इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

साडूंचा फोन दर शुक्रवारी येतो. नाशिकच्या फ्लॅटमध्ये पडदे मापात बसलेत, हंस हॉलमध्ये लागलेत. इकडचं तिकडचं झालं की ते हळूच विचारतात, “तो आपला खिळा आहे ना हो?”

“आहे की,” मी म्हणतो.

“हलत नाही ना?”

“छे, पक्का बसलाय.”

मग ते म्हणतात, “शुक्रन.”