आराम पडला का?

विलासचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. विलास माझा भाचा, थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. सगळ्या सोनपेठसारखा तोही आईला अक्काच म्हणायचा. "मामा, अक्का गेली," तो म्हणाला, "तुमी सावकाश या." परभणीहून एसटीनं पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं आणि मी चपला काढत असतानाच पहिला शब्द कानावर पडला, "सुटली बिचारी." नंतर तो ज्याच्या त्याच्या तोंडी. शेजारीण म्हणाली, सोयरे म्हणाले, सरण रचणाराही म्हणाला. असं म्हणायची रीत आहे, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी मला त्या शब्दाची शिसारी आली आणि आज सव्वा महिना झाला तरी ती गेलेली नाही. कशातून सुटली? आजार तर तिनं निम्मा परतवून लावला होता. ती सुटली ती आमच्या तावडीतून, आणि त्या आमच्यात सगळ्यात शहाणा म्हणून मिरवणारा मीच होतो.

अक्का शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. वीस वर्षांहून जास्त काळ. शंभर पोरांचं पातेलं दोन्ही कानांना फडकी लावून एकटी चुलीवरून उतरवायची आणि मदतीला कुणी हात पुढं केला तर त्या हातावर डाव मारायची. तिला दुसऱ्यानं वाढलेलं चालत नसे. लग्नाच्या पंगतीतून उठून स्वतःचं वरण स्वतः घेऊन यायची, तेव्हा यजमानांना ओशाळल्यासारखं व्हायचं. मी लहानपणी चिंचेवरून पडून पाय मोडून घेतला होता. प्लॅस्टर निघाल्यावर आई मला खाटेवरून खाली उतरू देईना. अक्कानं एका सकाळी दंडाला धरून मला उभं केलं आणि बोंबलत असतानाच शाळेपर्यंत चालवत नेलं. "रडत चाल, पण चाल," असं म्हणाली होती. आज साठीत मी लंगडत नाही ते तिच्यामुळं. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत पातेलं उतरवताना तिचा डावा हात सुटला. खिचडी सांडली, अक्का तशीच चुलीशेजारी बसली आणि त्या हाताला शिव्या देत राहिली. आमच्याकडं याला लकवा मारला म्हणतात. डावा हात, डावा पाय गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. दवाखान्यातून सुटल्यावर मी तिला दीड महिना परभणीला माझ्या घरी ठेवलं, कारण स्टेशनकडच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं एक केंद्र होतं. अपघातातली, लकव्याची माणसं तिथं पुन्हा चालायला, जेवायला, गुंड्या लावायला शिकायची. नसरीन नावाची तिशीतली मुलगी ते चालवायची. पहिल्याच दिवशी तिनं अक्काला विचारलं, मावशी, तुम्हाला काय करता यायला हवं? आम्हाला वाटलं, अक्का म्हणेल पहिल्यासारखं सगळं. अक्का म्हणाली, "संडासला मही मी, एकटीनं जायला पायजे. बाकी देवानं काय बी करावं."

नसरीन तिचा चांगला उजवा हात पदराखाली बांधून ठेवायची आणि मुठीसारख्या आवळलेल्या डाव्या हातानं परातीतले वाटाणे वेचायला लावायची. एक वाटाणा उचलायला पाच मिनिटं. अक्का घामाघूम व्हायची आणि मला सांगायची की ही पोरगी आपल्यापेक्षाही खाष्ट आहे. शेवटचा धडा भिंतीचा होता. भिंतीकडं तोंड करायचं, दोन्ही तळहात भिंतीवर टेकायचे, दुखऱ्या हातावर मुद्दाम भार द्यायचा आणि एकेक पाऊल आडवं टाकत सरकायचं. दीड महिन्यानं अक्का माझ्या घरी भिंत धरून एकटी संडासला जाऊ लागली. जायला-यायला पंधरा मिनिटं लागायची आणि बायको दाराबाहेर जीव मुठीत धरून उभी राहायची. पण आत अक्का एकटी असायची. घरी निघताना नसरीननं आकृत्या काढलेला एक कागद दिला आणि बजावलं, "मावशी, घरी कुणी उचलायला आलं तर त्याला हाकलून द्या."

हाकलायचं कुणाकुणाला? अख्खं गाव भेटायला लोटलं. सफरचंदं, शहाळी, बिस्किटाचे पुडे. पलंगाच्या कडेला बूड टेकून जो तो विचारायचा, "आराम पडला का?" आमच्याकडं या शब्दाची मोठी गंमत आहे. आराम पडणं म्हणजे बरं होणं, आणि आराम करणं म्हणजे पडून राहणं. दोन्हीला शब्द एकच, म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी एकच समजतो. आराम पडला का, असं विचारणारा उठताना हमखास सांगून जायचा की अक्का, आता आराम करा, जन्मभर लय केलं. ती उठायला लागली की चार हात तिला परत निजवायला धावायचे. पाण्याचा तांब्या ओठाला, घास तोंडात. नसरीनचा तो आकृत्यांचा कागद कुणीतरी फडताळात लोणच्याच्या बरणीखाली अंथरला होता. मी तो पाहिला आणि काढला नाही.

संगीता, विलासची बायको, सून म्हणून लाखात एक. पहिले आठ दिवस तिनं अक्काला चालू दिलं. नवव्या दिवशी अक्का दाराशी घसरून बसली. लागलं काही नाही. पण तेवढ्यात भेटायला आलेल्या दोघी बायकांनी ते पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की लकव्याच्या सासूला भिंत धरून चालवतात अन् सून खुशाल झोपती. संगीता दोन दिवस जेवली नाही. तेव्हा अक्कानं चारचौघांत कबूल केलं की आपण यापुढं उठणार नाही. मला फोनवर हे कळलं तेव्हा हायसं वाटलं, हे लिहितानाही किळस येते. पुढच्या फेरीत मोठ्या माणसांचे डायपर मीच नेले. घरच्यांची सोय पाहणारा समजूतदार मामा म्हणून माझं कौतुकही झालं. अक्कानं त्या गठ्ठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं. नसरीनचा दोनदा फोन आला, दाखवायला आणा म्हणून. मी म्हणालो, आराम आहे. तिनं विचारलं, "आराम पडलाय, की आराम करतायत?" मी हसण्यावारी नेलं.

मग मालिशवाला आला. कुणाच्या तरी ओळखीचा, चारठाण्याकडचा, लकवा उतरवतो म्हणून नावाजलेला. रोज दुपारच्या आधी यायचा आणि तांबडं, उग्र वासाचं तेल अक्काच्या डाव्या हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायचा. तेलात कबुतराचं काहीतरी असायचं. विचारलं की नुसता हसायचा. जेवणाच्या ताटाला, उशीला, तिच्या केसांना तो वास. उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा पलंगामागची पांढरी भिंत तेलाच्या डागांनी बरबटलेली दिसली. तांबूस, ओघळ आलेले, त्यावर धूळ बसलेली. मला स्वच्छतेचं खूळ आहे. मी ठरवून टाकलं की हा गडी मालिश झाल्यावर हात भिंतीला पुसतो. त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "मी न्हाई साहेब, आईची आन." मी ऐकलं नाही. विलासला हाक मारली आणि अक्कासकट पलंग उचलून खोलीच्या मधोमध, पंख्याखाली ठेवला. म्हटलं, हवा लागेल, दोन्ही बाजूंनी तुमचं करता येईल आणि भिंतही घाण होणार नाही. एका दगडात तीन पक्षी मारल्याचं समाधान होतं मला.

अक्का पलंगावरून त्या भिंतीकडं बघत होती. म्हणाली, "बापू, भिंत लांब केलीस रे."

संगीता खोलीत होती, दारात दोन बायका उभ्या होत्या. अक्कानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, टेकायला काही राहिलं नाही म्हणून कुरकुरते आहे. मी तिच्या पाठीमागं आणखी एक उशी सरकवली आणि म्हणालो, आराम कर.

त्यानंतरची अक्का मला आठवायला नको वाटते, पण तीच तेवढी आठवते. महिन्याभरात ती मागायची थांबली. भरवलं तर खायची. पाठ सोलून निघाली, तिथं आम्ही पावडर टाकत होतो. नंतर त्या जखमेला जो वास आला, त्याच्यापुढं मालिशचं तेल अत्तर वाटावं. भेटायला येणाऱ्या बायका पदर नाकाला लावून आत यायच्या आणि बाहेर ओसरीवर सांगायच्या की सून किती करते हो, कूससुद्धा तिची तिला पालटू देत नाही. ही आमच्यातली शाबासकी. शेवटी छातीत कफ भरला, खोकून टाकायचीही ताकद उरली नव्हती आणि आठ दिवसांत सगळं संपलं. डॉक्टरांनी कारण काय लिहायचं ते लिहिलं असेल. मला विचारलं असतं तर मी एकच शब्द सांगितला असता, तो आमच्या बोलीतला, रोजचा.

मागच्या आठवड्यात मी सोनपेठला गेलो. तिचा पलंग, गादी रीतीप्रमाणं देऊन टाकली होती. खोली रिकामी होती आणि विलास रंगाचे डबे घेऊन बसला होता. म्हणाला, "ते तेलाचे डाग लय वंगाळ दिसायलेत मामा. लोक यायलेत-जायलेत." मी पहिल्यांदाच त्या भिंतीजवळ जाऊन नीट पाहिलं. इतके दिवस लांबूनच नाक मुरडत होतो. पलंग जिथं होता तिथं नुसता गोल फराटा होता, आवळलेल्या मुठीचा. हातभर पुढं तीच मूठ, बाजूला अंगठा सुटलेला. आणखी पुढं दोन बोटं. डाग पलंगापाशी थांबलेच नव्हते. छातीच्या उंचीवर, एका रेषेत, भिंतीवरून आडवे संडासच्या दाराकडं निघाले होते. शेवटचा डाग अख्खा पंजा होता. पाच बोटं, फाकलेली. तिथून दार चार पावलांवर.

तेल फक्त डाव्या हाताला लावत होते... ज्या हाताबद्दल सगळं गाव म्हणत होतं की तो गेला, त्या हाताला. दुपारी घर निजलं की ती उठत होती, सुनेला बोल लागू नये म्हणून चोरून, आणि नसरीननं शिकवल्याप्रमाणं त्याच हातावर भार देत होती. किती दुपारी, ते मला माहीत नाही. कुठल्या दिवसापर्यंत, ते मात्र पक्कं माहीत आहे. पलंगापासून भिंतीपर्यंत मी चार फूट मोकळी जमीन घातली होती, जिथं धरायला काही नव्हतं. मी संगीताला हाक मारली, तिला दाखवलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "अक्कानं मला एकदा तरी सांगायचं ना हो मामा. मी बी संगं उठले असते." मी विलासला म्हटलं, एवढी भिंत सोड. तो म्हणाला, लोक काय म्हणतील, मेलेल्या माणसाच्या घरात डाग ठेवलेत. मी वाद घातला नाही. लोक काय म्हणतील या प्रश्नाला त्या घरात, आणि माझ्याही, आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

परवा त्याचा फोन आला. सगळं झाल्याचं सांगितलं, खोली उजळली म्हणाला.

"पण मामा, रंगाचे दोन हात मारले तरी तो हात वर यायलाय. दाराजवळचा, पाच बोटांचा. तेल हाय ना, रंग धरीना. तिसरा हात मारू का?"

मी म्हणालो, "नको विलास. आता तरी चालू दे तिला."